तपासणीच्या दिवशी सुट्टी

नेताजी नगर, नवी दिल्ली
१२ ऑगस्ट १९८८

ती. भाऊकाका,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी शेवटी करते, आधी भांडून घेते. भांडण तुमच्याशी नाही, पण तुम्ही शाळा काढलीत आणि सांगलीला जाऊन बसलात, म्हणून ऐकून तुम्हालाच घ्यावं लागेल.

सप्टेंबरअखेर ज्ञानवर्धिनीची तपासणी आहे. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही ते त्यावर ठरणार. शिक्षकांचे पगार जवळजवळ सगळे सरकार देतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे आत्तापासून पडले आहेत. काल कमिटीच्या बैठकीत आपले सेक्रेटरी विश्वासराव म्हणाले, "साहेब विचारतील, मराठी शाळेत मराठी मुलं किती? काय दाखवायचं त्यांना? प्रेसवाल्यांची आणि भांडीवाल्यांची पोरं?"

मी विचारलं, मराठी मुलं कुठायत ते तुम्हीच सांगा ना. विश्वासरावांची दोन्ही सकाळी सातला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढतात. तुमच्या लेकीचा, आपल्या अलकनंदाचा श्रीरंगही त्याच बसमध्ये. गणपतीत स्टेजवर धोतर नेसून नाचायला सगळे मराठी, आणि शाळेत घालायची वेळ आली की "अगं, पुढे कॉम्पिटिशन किती असते!" यांनी रिकामे केलेले बाक भरले कोणी? यांच्याच क्वार्टरांत कपडे इस्त्री करणाऱ्यांच्या, भांडी घासणाऱ्यांच्या मुलांनी. बिहारची, गढवालची, बुंदेलखंडची मुलं आहेत. घराजवळ शाळा आहे आणि हाकलून देत नाहीत, म्हणून आली. आणि काका, ती मराठीत शिकतात! माझ्या पाचवीत मी हिंदी बोलले तर मुलंच मला टोकतात.

त्यातली एक सुनैना. सरोजिनी नगरात अलकनंदाच्या क्वार्टरसमोर कडुनिंबाखाली रामसेवक इस्त्रीचं टेबल लावतो ना, त्याची मुलगी. संध्याकाळी घरोघर कपड्यांचे गठ्ठे पोचवते आणि वाटेत पाढे म्हणते. बापाने मला स्पष्ट सांगितलंय, पाचवी पास झाली आणि सरकारी शाळेत सहावीला नाव लागलं तर शिकू दे, नाही तर टेबलाशी उभी राहील. मला ती सहावीत गेलेली बघायची आहे. यंदा दुसरं काही मागणं नाही माझं.

विश्वासराव तुम्हाला देवासारखं मानतात. त्यांना दोन ओळी लिहा, मुलांना हात लावू नका म्हणून. गुडघा कसा आहे?

तुमची,
उल्का

*

विश्रामबाग, सांगली
२२ ऑगस्ट १९८८

चि. उल्का,

आशीर्वाद. गुडघा आहे तिथेच आहे, वाकत तेवढा नाही.

तुझं पत्र वाचताना तुझे वडील आठवले. त्याचंही असंच होतं, आधी भडकायचं आणि मग मुद्दा शोधायचा. तो गेल्यावर तू आमच्या घरी आलीस, याच शाळेत शिकलीस, तेव्हापासून तुला सांगतो आहे की सरकारशी रागाने बोलून चालत नाही. माझी सगळी नोकरी सचिवालयात गेली. सरकार माणूस बघत नाही, कागद बघतं. कागद नीट असला की काम झालं.

अनुदान हा शाळेचा श्वास आहे. तो थांबला तर तुझी सुनैनाही कुठे बसणार? एकाहत्तर साली पट असाच घसरला होता. तेव्हा तपासणीच्या दिवशी क्वार्टरांतल्या मंडळींनी आपली मुलं एका दिवसापुरती पाठवली होती. तुझी काकू सगळ्यांसाठी चिवडा घेऊन गेली होती. साहेब खूश, मुलं खूश. त्यात कोणाचं नुकसान झालं नाही. लोकांना शाळा आपली वाटत होती म्हणून ते झालं.

विश्वासला लिहायचं ते मी लिहिलं आहे. तू निर्धास्त राहा आणि वर्गावर लक्ष दे.

तुझा,
भाऊकाका

*

नवी दिल्ली
३ ऑक्टोबर १९८८

भाऊकाका,

निर्धास्त राहिले. फार मोठी चूक केली.

तपासणीच्या आदल्या दिवशी विश्वासरावांनी मला बोलावून सांगितलं की उद्या पलीकडे जमनापार शिक्षकांचं शिबिर आहे, शाळेतर्फे तुम्हीच जा. मला वाटलं, आपल्या कामाची कदर होतेय. दोन बस बदलून गेले. तिथे शिबिर होतं, पण चित्रकलेच्या शिक्षकांचं. तिथल्या बाईंनी मला चहा पाजला आणि परत पाठवलं.

दुपारी शाळेत आले तर फाटकात ऑटोरिक्षांची रांग. माझ्या वर्गात माझं एकही मूल नव्हतं. आदल्या दिवशी शिपायाने त्यांना सांगितलं होतं, उद्या सुट्टी. बाकांवर भाड्याच्या कपड्यांत बसल्यासारखी क्वार्टरांतली मराठी मुलं बसली होती. सुनैनाच्या जागेवर आपला श्रीरंग होता. मला बघून म्हणतो, "उल्कामावशी, ये सब कब खत्म होगा? मुझे भूख लगी है." मराठी शाळेतल्या मराठी मुलाने मला हे हिंदीत विचारलं.

पाठवली एका दिवसापुरती, असं म्हणून मी कदाचित गिळलंही असतं. पण हजेरीचं पुस्तकच नवं केलंय. त्यात माझ्या मुलांची नावं नाहीत. "दीर्घकाळ गैरहजर" म्हणून कमी केली, आणि त्या जागी श्रीरंग आणि मंडळी भरली. मी विश्वासरावांना विचारलं, मार्चमध्ये सुनैनाला पाचवीचा दाखला कोणत्या नावावर देऊ? ते म्हणाले, "बघू, तेव्हा काहीतरी करू." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलं आली, सुनैनाही आली. शेवटच्या बाकावर बसली आणि दिवसभर एकदाही हात वर केला नाही. मला वाटलं, ताप असेल.

तुम्ही विश्वासरावांना नक्की काय लिहिलं होतं? ते म्हणतात, "भाऊसाहेबांचा आशीर्वाद आहे." तुमचं नाव वापरून ही माणसं काय करतायत ते बघा जरा. कान उपटा त्यांचे.

उल्का

*

सांगली
१५ ऑक्टोबर १९८८

चि. उल्का,

आशीर्वाद. रागात असलीस तरी घे.

नावं कमी करायची असं ठरलं नव्हतं. विश्वासने जरा जास्तच उत्साह दाखवलेला दिसतो. मी त्याला विचारतो. पण आता झालं आहे त्यात लगेच हात घालू नकोस. अनुदान मंजूर होऊन आलं, ही गोष्ट लहान नाही. एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू झालं की मुलांची नावं गुपचूप परत भरून घेता येतील. एक वर्ष मागे पडलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

दिवाळीला फराळ पाठवतो आहे. अनारसे यंदा बिघडले आहेत, खाऊन टाक.

भाऊकाका

*

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१८ डिसेंबर १९८८

प्रिय बाबा,

कसे आहात? इथे सॉलिड थंडी पडलीये. सकाळी दूधवालाही दिसत नाही धुक्यात.

उल्काने आमच्याशी बोलणं बिल्कुल बंद केलंय. मार्केटमध्ये समोरून आली तरी रस्ता ओलांडून जाते. मी काय केलं बाबा? एक दिवस मुलगा पाठवला, तोही मराठी शाळेसाठी! विश्वासरावांनी तुमचं पत्र आमच्याच व्हरांड्यात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. "आपली" मुलं कोण, हे तुम्ही किती नेमकं लिहिलं होतंत, त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मी म्हटलंसुद्धा, जरा हळू, लोक येत-जात असतात. पण तेव्हा फक्त प्रेसवाल्याची मुलगी गठ्ठा घेऊन पैशांसाठी थांबली होती, आणि आम्ही मराठीतच बोलत होतो, सो नो टेन्शन. या एका गोष्टीसाठी मराठीचा फार उपयोग होतो हं इथे, नोकरमाणसांसमोर काहीही बोला.

बरं, एक गंमत. शाळेकडून श्रीरंगला मरून रंगाचा स्वेटर आला! गरजू मुलांसाठी काहीतरी सरकारी स्कीम आहे, पटावर नावं होती त्या सगळ्यांना मिळाला. मी नको म्हणणार होते, पण विश्वासराव म्हणाले परत केला तर प्रश्न विचारतील. सरकारी असूनही लोकर बरी आहे. घड्या मोडायला प्रेसवाल्याकडे दिला तर ती मुलगी कितीतरी वेळ हातात धरूनच उभी. म्हटलं, बेटा, जलाना मत. फोटो पाठवतेय, छान दिसतो ना आपला राजा?

तुमची,
अलकनंदा

*

नवी दिल्ली
२० जानेवारी १९८९

भाऊकाका,

"नावं कमी करायची असं ठरलं नव्हतं." तुमचं हे वाक्य मी तीन महिने उशाशी घेऊन झोपले. बाकीचं सगळं ठरलं होतं तर! चिवडा कोणी करायचा तेही ठरलं होतं का?

एप्रिलची वाट बघा म्हणालात. मी नाही बघितली. गेल्या सोमवारी पाचवीचा वर्ग घेऊन मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले. सगळी मुलं होती, फक्त सुनैना आली नाही. कॉरिडॉरमध्ये मुलं थंडीने कुडकुडत होती, कारण त्यांचे स्वेटर सरोजिनी नगरात फिरायला गेले आहेत. हो, मला कळलंय. क्वार्टरांतली पोरं तोच मरून रंग घालून पार्कात क्रिकेट खेळतात. सरकारने गरजू मुलांना पाठवलेली लोकर सेक्शन ऑफिसरांच्या मुलांनी घातली आणि कोणालाही ती बोचली नाही!

आत एक पंजाबी बाई होत्या. मी सगळं सांगितलं. नोकरी जाईल, शाळा बंद होईल, सगळी भीती गिळून सांगितलं. शेवटी म्हटलं, ही मुलं मराठी नाहीत म्हणून यांची नावं काढली. बाईंनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "रूल में कहाँ लिखा है कि बच्चा मराठी होना चाहिए?"

त्यांनी फाईल मागवली, नियम माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, ग्रांट मराठी पढ़ाने की है. बच्चा किसके घर पैदा हुआ, इससे हमें क्या?"

भाऊकाका, ऐकताय ना? मुलगा कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे सरकारने कधी विचारलंच नव्हतं! शिकवण्याची भाषा मराठी असावी, मुलं शिकत असावीत, एवढंच. आमची मुलं तशीच्या तशी बसली असती तरी अनुदान आलं असतं, आणि मानाने आलं असतं. तुमच्या कमिटीत सगळे केंद्र सरकारचे नोकर. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी नियम लिहिले, दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले. आपल्या शाळेचा नियम उघडून वाचावा, असं एकालाही वाटलं नाही? वाटणार कसं! ही मुलं आपल्या बाकावर बसलेली तुम्हालाच खुपत होती. तुमच्या मनातलं तुम्ही सरकारच्या तोंडी घातलंत.

बाई म्हणाल्या, नावं परत लागतील. पण खोट्या हजेरीची चौकशी होईल, आणि ती होईपर्यंत अनुदान थांबेल. म्हणजे खऱ्याने गेलं नसतं ते खोट्याने अडकलं. मी लेखी जबाब दिला आहे. तुमचं नाव त्यात घातलेलं नाही. ते तुमचं तुम्ही घालायचं की नाही ते बघा.

उल्का

*

सांगली
२४ फेब्रुवारी १९८९

चि. उल्का,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

तू मला जे बोललीस ते तुझ्या वडिलांनीही मला कधी ऐकवलं नसतं. ही शाळा मी दारोदार फिरून उभी केली. पहाडगंजच्या धर्मशाळेत उतरलेल्या मराठी माणसांनाही सोडलं नाही मी, वर्गणी घेतल्याशिवाय. दिल्लीत आपल्या माणसांची एक जागा असावी, एवढीच माझी इच्छा होती. त्या जागेवर तू चौकशी बसवलीस. विश्वासने राजीनामा दिला. तुमचे सगळ्यांचे पगार अडकले. एका मुलीच्या दाखल्यासाठी एवढं करायची गरज होती का, हा प्रश्न मी तुला विचारणारच.

नियम मी वाचायला हवा होता, हे खरं आहे. त्या काळात सगळे तसंच समजत होते.

अलकनंदाला कडक शब्दांत लिहिलं आहे. स्वेटर तुझ्याकडे आणून देईल. ज्याचा आहे त्याला दे.

आणखी एक विचारायचं होतं. ती प्रेसवाल्याची मुलगी हल्ली शाळेत येते का? काही बोलते का? सहज विचारलं.

भाऊकाका

*

नवी दिल्ली
२५ एप्रिल १९८९

भाऊकाका,

सहज विचारलंत? मला वाटलं, वय झालं, माया आली असेल. आता कळतंय की तुम्हाला डिसेंबरपासून माहीत होतं.

स्वेटर आला. काल अलकनंदा स्वतः घेऊन आली. धुऊन, इस्त्री करून, वर डांबराच्या गोळ्या ठेवून. बाहेर लू चालू झालीये, डांबर वितळतंय रस्त्यावरचं, आणि ही माझ्या दारात लोकरीचा स्वेटर घेऊन उभी. मग ती रडायला लागली आणि तिने मला त्या दिवसाचं सांगितलं. व्हरांडा, तुमचं पत्र, पैशांसाठी थांबलेली मुलगी. "मला कुठे ठाऊक होतं गं, ती आपल्याच शाळेत आहे? मला वाटलं तिला मराठी कळत नाही." तुम्हालाही हेच सगळं तिने लिहिलं होतं, असंही बोलून गेली. तिला ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला होतं. सुनैना कोण, हे मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

मी तशीच निघाले आणि कडुनिंबाखाली गेले.

नावं फेब्रुवारीतच परत लागली होती. सुनैनाचंही लागलं. रामसेवक स्वतः म्हणाला होता, "बहनजी, ले जाइए, पढ़ने दीजिए." त्याची हरकत नव्हती. जानेवारीपासून तीच येत नव्हती. परीक्षेलाही आली नाही. मी किती वेळा समजावलं, खाऊ नेला, रागावले, हात धरून ओढलंसुद्धा. ती आपली इस्त्रीत कोळसे घालत राहायची. मला वाटायचं, आळशी झाली, पैशांची चटक लागली. मी तिला तसं बोललेही, काका. त्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही.

काल विचारलं, त्या दिवशी व्हरांड्यात तू काय ऐकलंस? तिने इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाली, "बाई, त्या पत्रात लिहिलं होतं, ही मुलं आपली नव्हेत. आपल्या शाळेत बसतात, एवढंच. एक दिवस घरी बसली तर काय बिघडलं?"

शब्द न् शब्द. तुमचीच भाषा, तुमचंच वळण. "नव्हेत" हा शब्द श्रीरंगला येत नाही, अलकनंदा कधी वापरत नाही. माझ्या ओळखीत तो शब्द आता दोघंच म्हणतात, तुम्ही आणि रामसेवकची मुलगी. तिला तो मी शिकवला.

मग म्हणाली, "सगळ्यांना सुट्टी होती, पण मला माहीत होतं कशाची ते. मी कोणाला सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं." आणि पुन्हा इस्त्री उचलली. स्वेटर दिला तर म्हणाली, माझ्या भावाला होईल पुढच्या वर्षी. तिला तो लहान होतोय आता.

मी रडले नाही. संताप एवढा झाला होता की रडू येईना. अजून आहे. तुमच्यावर आहे, आणि तुमच्या व्हरांड्यांवर आहे, जिथे बसून तुम्ही सगळे मराठी मराठी करत मराठीची कडी आतून लावून घेता. शाळेला ना सरकार मारणार होतं, ना पट. अनुदान परत येईल, चौकशी संपेल, पगार मिळतील. मी ही शाळा चालवीन. पण ही मुलगी परत आली नाही तर कोणाला शिकवण्यासाठी चालवू?

खात्यातल्या बाईंनी परवानगी दिलीये. जुलैमध्ये शाळा उघडली की मी तिची एकटीची परीक्षा घेऊ शकते. पास झाली तर सहावीला नाव लागेल, उशिराने लागलं तरी लागेल. पेपर मी काढून ठेवलाय. पण ती माझं ऐकत नाही आणि मी तिला दोष देणार नाही. ज्याने "नव्हेत" लिहिलं, त्यानेच येऊन ते पुसायला हवं.

दिल्लीचा उन्हाळा सोसत नाही, हे कारण मला चालणार नाही. गुडघ्याचंही नाही. उघडायच्या आधी या. अलकनंदाच्या क्वार्टरसमोर कडुनिंब आहे, त्याखाली टेबल आहे, सकाळी आठपासून ती तिथे असते. मी बरोबर येणार नाही, विश्वासरावांनाही नेऊ नका. तुमचं धोतर घेऊन जा इस्त्रीला, म्हणजे बोलायला निमित्त होईल. हिंदी जुळवत बसू नका.

मराठीतच बोला. तिला सगळं कळतं.

उल्का